कपाटावरची फिल्म

मी एक जुनी एमआरआयची फिल्म आहे. जुनी कसली, तीनच वर्षांची! पण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरमध्ये, लोखंडी कपाटावर धूळ खात पडलं की म्हातारपण लवकर येतं, मित्रांनो.

माझा जन्म दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये झाला. या घरच्या प्रभावतीताईंच्या कोपराखाली गाठ होती. ती दाबली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जायच्या. त्या धडधडणाऱ्या मशीनमध्ये ताई हात न हलवता पडून राहिल्या आणि मग मी बाहेर आले. डॉक्टर तेजश्रींनी मला उजेडाच्या पाटीवर लावलं. "किती स्पष्ट दिसतंय!" त्या म्हणाल्या. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

एक नस वरून गाठीत शिरत होती आणि खालून बाहेर पडत होती. दोऱ्यात मणी ओवलेला असतो ना, तशी ती गाठ दिसत होती. "ही नसेच्या आवरणाची गाठ आहे. कॅन्सरची वाटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण काढायची झाली तर ही फिल्म दाखवल्याशिवाय चाकू लावू देऊ नका. नस वाचवून काढावी लागेल."

घरी पोहोचेपर्यंत त्यातलं निम्मंच उरलं. "कॅन्सर नाही!" ताईंचे यजमान सुगतराव फोनवर सगळ्यांना सांगत सुटले. पेढे आले आणि मी कपाटावर गेले. मला राग नाही आला हो. त्या घरात पंधरा दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

वर्षभराने गाठ ठणकू लागली. ताईंचे दीर दिलीप म्हणाले, "वहिनी, साधी गाठ आहे ना? माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. दहा मिनिटांचं काम, चलो!"

"ती फिल्म घ्यायची का?" ताईंनी दारातून विचारलं.

"अगं, कॅन्सर नाही ना? मग कशाला?" सुगतराव म्हणाले.

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते!

गाठ निघाली, पण तिच्याबरोबर नसही कापली गेली. आता ताईंची दोन बोटं वाकडीच राहतात. चिमटीत काही धरवत नाही. त्या रोज सकाळी मैत्री नावाच्या आपल्या लेकीच्या दोन वेण्या घालायच्या. आता पेड हातातून सुटू लागले. एकदा शाळेची बस चुकली आणि ताई कंगवा धरून रडत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मैत्री केस कापूनच आली. "मम्मी, छोटे केस बिल्कुल मस्त वाटतात," ती हसत म्हणाली. मग स्टुलावर चढून तिने आपल्या निळ्या रिबिनी माझ्या पाकिटात लपवल्या. आईला दिसू नयेत म्हणून.

मित्रांनो, डॉक्टरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. माझ्यासारख्या फिल्मा जपा आणि जाताना बरोबर न्या. एवढंच मागणं आहे. ताईंची ती नस माझ्यात अजून अख्खी आहे, पण आता ती कुणाच्या उपयोगाची नाही.