पायरीपर्यंतचं पाणी

थोरलीने तंबू काट्याला लटकवला. खुंट्या धरून पाच किलो चारशे ग्रॅम. तिने आकडा वहीत लिहिला आणि अंथरुणांच्या वळकट्यांकडे वळली.

"ताई, प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तरी एवढ्या निगुतीने तोलतेस का गं?" धाकटा दाराला टेकून सफरचंद खात होता.

"नमुने बुडत नाहीत. नाव बुडते."

"आणि हे सफरचंद?"

"ते तुझ्या वजनात धरलंय."

आतून भावजय खुदकन हसली. ती जेवणाचे डबे भरून पाहत होती आणि दर डब्याला "ताई, हा तोलला का?" असं विचारत होती. या घरात लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिला कळलं होतं की नणंदेला विचारल्याशिवाय मीठसुद्धा बरणीत जात नाही.

शनिवारी नावेने खाडीत बारा किलोमीटर आत जायचं, एक रात्र तंबूत काढायची आणि रविवारी परतायचं, असा बेत होता. तिथे जायला रस्ता नाही. पाण्यातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या, वर थोडी सपाट जागा आणि मागे झाडी, एवढंच. नावाडी म्हणाला होता, माणसं नि सामान मिळून साडेचारशे किलोच्या वर काडीही नको. थोरलीची बेरीज तीनशे सत्त्याहत्तरवर आली होती. त्यात ती, धाकटा, भावजय, नावाडी आणि सगळं सामान आलं होतं.

बाबा त्यात आले नव्हते.

खरं तर हा सगळा घाट बाबांच्या जागेसाठी घातला होता. बंदराच्या कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. धक्क्याच्या भिंतीवर पाण्याची उंची मोजायची पट्टी होती. दर तासाला तिथे जायचं, पाणी कुठवर आलंय ते वाचायचं आणि लिहायचं, हे त्यांचं काम. अजूनही धक्क्यावरचे लोक त्यांना पट्टीवाले म्हणतात. वर्षातून एकदा कार्यालय त्यांना पंधरा दिवस खाडीच्या आत पाठवायचं, तिथल्या पायऱ्यांशी रोवलेली पट्टी वाचायला. तंबूतल्या त्या पंधरा दिवसांच्या गोष्टी ऐकतच दोन्ही मुलं मोठी झाली. "एकदा जाऊन येऊ या," हे धाकट्याने उन्हाळ्यात म्हटलं आणि थोरलीने वही उघडली.

मग तिने नावाड्याला फोन केला. तक्त्याप्रमाणे शनिवारी भरती दहा वाजून वीस मिनिटांनी होती. म्हणून पावणेनऊला निघायचं, पावणेदहाला पोचायचं आणि पाणी फिरायच्या आत सामान उतरवायचं, असं तिने ठरवलं होतं. नावाडी म्हणाला, "पावणेदहाला उतरायचं तर चिखल आहे. वीसेक पावलं. गुडघाभर."

बाबांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी उघडून पुन्हा शिवलेला होता. गुडघाभर चिखलातून पाय उपसत ते वीस पावलं चालतील, ही गोष्टच नको. तिने बाबांची ओळ लिहिलीच नाही. शेजारच्या काकूंना दोन दिवस लक्ष ठेवायला सांगून ठेवलं. फक्त बाबांना सांगायचं राहिलं होतं.

आणि ते सांगणं दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. आठवडाभर बाबा सकाळ-संध्याकाळ जिन्याच्या दोन फेऱ्या करत होते. गुरुवारी केर काढताना तिला त्यांच्या पलंगाखाली पिशवी दिसली होती. विजेरी, पत्र्याचा पेला, जुना रेनकोट, सगळं नीट घडी घालून. तिने पिशवी होती तशी सरकवली आणि केर पुढे काढला.

आज शुक्रवार. संध्याकाळपर्यंत नावाड्याला माणसांचा आकडा कळवायचा होता.

"सांगितलंस का?" धाकट्याने हळूच विचारलं.

"तू सांग."

"मी? मोठी तू. वही तुझी. मी आपला सफरचंदासकट एक्याऐंशी किलोचा माल."

थोरली वही घेऊन गॅलरीत गेली. बाबा त्यांच्या घडीच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते. तिने तोंड उघडायच्या आत त्यांनी हात पुढे केला.

"आण बघू. कधीचं चाललंय तुझं तोलणं."

वही न देऊन चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तंबू. अंथरुणं. पिण्याचं पाणी, चाळीस लिटर. मग माणसं. बोट चार ओळींवरून खाली आलं आणि रिकाम्या पाचव्या ओळीपाशी थांबलं. थोरलीला रात्रभर जुळवलेली सगळी वाक्यं एकाएकी खोटी वाटू लागली.

बाबांनी पान उलटलं.

"पावणेदहाला पोचायचं हे कोणी ठरवलं?"

"मी. भरती दहा वीसची आहे. तक्त्यात बघितलं."

"कुठली भरती?"

"शनिवारची."

"दिवस नाही विचारला. जागा विचारली."

थोरलीने वाकून वहीत उतरवलेला तक्ता पुन्हा पाहिला.

"हा तक्ता धक्क्यावरच्या पट्टीचा," बाबा म्हणाले. "एकतीस वर्षं मी वाचली ती. खाडी उथळ, त्यात दोन वळणं आणि दोन्ही काठांना खारफुटी. पाणी वाट काढत काढत आत जातं. पायऱ्यांपाशी भरती व्हायला एक तास वीस मिनिटं जास्त लागतात. तू पोचशील तेव्हा पाणी अजून दोन तास चढायचं असेल. चिखलात उतराल."

"नावाडी म्हणालाच चिखल आहे."

"असणारच. मी येत नाही म्हणून तुम्ही का रुतायचं? धक्क्यावर भरती पूर्ण झाली की निघा. पाणीच नाव ढकलत नेतं."

एवढं बोलून त्यांनी वही परत केली. आवाजात राग नव्हता, हेच तिला सोसवेना.

ती तिथेच खाली बसली आणि वहीच्या मागच्या पानावर भरतीची वक्ररेषा काढली. तीच रेषा ऐंशी मिनिटं उजवीकडे सरकवून पुन्हा काढली. पावणेदहाला दुसरी रेषा अजून बरीच खाली होती. अकरा चाळीसला ती माथ्याला टेकत होती. उथळ पाण्यात लाट मंदावते, हे तिने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. बारा किलोमीटरने कितीसा फरक पडणार, असं धरून चालताना मात्र ते आठवलं नव्हतं.

"बाबा, भरती पूर्ण असते तेव्हा चिखल किती?"

"चिखल कुठला? तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी येतं. नाव पायरीला लागते. आपल्या उंबऱ्यावरून बाहेर पडावं तसा उतरायचो मी."

थोरलीने तिथूनच नावाड्याला फोन लावला.

"अकरा वीसला पोचलो तर चिखल किती?"

"तेव्हा कसला चिखल? आजीबाईसुद्धा साडी न भिजवता उतरतील."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पावणेदहा विचारलंत, मी पावणेदहाचं सांगितलं. ताई, तुम्ही एवढ्या मिनिटामिनिटाने बोलत होता, मला वाटलं असेल काही कारण."

दाराशी धाकटा आणि भावजय दोघंही येऊन उभे राहिले होते. "काखेत कळसा नि गावाला वळसा," धाकटा म्हणाला. भावजयीने त्याला कोपराने ढोसलं.

"म्हणू दे त्याला," थोरली म्हणाली. मग बाबांकडे न बघता, "बाबा, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. वेळेचं. आणि बाकीचंही."

बाबा गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पायऱ्यांवर शेवाळ असतं. हात धरावा लागेल कोणीतरी."

"मी धरीन."

"पाच माणसं धरू ना, ताई?" फोनमधून नावाडी विचारत होता. तो अजून ऐकतच होता.

"थांबा. एक वजन राहिलंय."

धाकट्याने न्हाणीघरातला वजनकाटा आणून गॅलरीत ठेवला. तिच्या मनात दवाखान्याच्या जुन्या कागदावरचा बहात्तरचा आकडा होता. बाबा कठडा धरून काट्यावर चढले, मग कठडा सोडून ताठ उभे राहिले. भिंतीवरची पट्टी वाचताना असेच उभे राहत असतील.

एकसष्ट.

थोरली काट्याकडे पुन्हा एकदा वाकून बघत राहिली. अकरा किलो घरातल्या घरात कमी झाले होते आणि अंथरुणांच्या वळकट्या तोलणाऱ्या तिला पत्ता नव्हता. तिने पाचवी ओळ लिहिली आणि बेरीज केली.

"चारशे अडतीस," ती फोनमध्ये म्हणाली. "पाच माणसं. सव्वादहाला धक्क्यावर येतो."

"मर्यादा साडेचारशे ना?" बाबांनी विचारलं. ते अजून काट्यावरच होते.

"हो."

"म्हणजे बारा किलो उरले." त्यांनी मागे वळून घडीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "ती तोल."