क्वार्टरमागची भेंडी

मारोती परसात भेंडीच्या सरीत उकिडवा बसून आंघोळ करत होता. अंगावर एक तांब्या ओतायचा आणि सरकत पुढच्या झाडाशी जायचा. साबण त्याने केव्हाच सोडला होता. ड्यूटीवरून आलेली गौतमी दारातच थबकली. शेजारचे हसतात, असं तिने बापाला सांगून पाहिलं. हसू दे, तो म्हणाला, त्यांचं पाणी तर नुसतं नालीत जातं.

लातूर जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या, नवी क्वार्टरं उठत होती, पण पाऊस हुकलेला आणि नळाला दिवसच्या दिवस पाणी नाही. दवाखान्यात नर्स असलेल्या गौतमीला क्वार्टर मिळालं, तेव्हा तिने हदगावकडच्या खेड्यातून बापाला आणलं. जन्मभर तो लोकांच्या शेतात सालगडी होता. मागची दोन खाटांएवढी मोकळी जागा बघून, इथं काही लावलं तर कुणी रागावेल का, असं त्याने विचारलं. कुणी रागावणार नाही म्हटल्यावर गंजगोलाईच्या बाजारातून भेंडीचं बी आणलं, रात्रभर भिजवलं आणि सकाळी टोकलं.

झाडं कळीवर आली आणि नळ पुरताच बंद पडला. एका संध्याकाळी गौतमी आली तर बापाचे ओठ सुकलेले. स्वतःच्या वाट्याचं प्यायचं पाणी त्याने झाडांना घातलं होतं. ती खूप बोलली, मग रडली. तो खाली मान घालून बसला.

"कळ्या गळून राहिल्या व्हत्या, माय," एवढंच म्हणाला.

दवाखान्यात सिरिंजा उकळलेलं पाणी निवलं की मोरीत ओतून देत. दुसऱ्या दिवशी गौतमीने मोठ्या सिस्टरांना विचारून ते एका कॅनमध्ये भरलं. मग रोज ती कॅन घेऊन यायची आणि मारोती फाटकाशी वाट बघत उभा असायचा.

भेंडी धरली. पहिला तोडा त्याने घरात शिजवू दिला नाही. टॉवेलात घेऊन ओळीतल्या प्रत्येक घरी देऊन आला. गावात तो लोकांच्या दारापासून लांब उभा राहून भाकरी घ्यायचा. इथे शेजारच्या कारकुनाच्या बायकोने, केवळाबाईने, त्याला आत बसवून चहा दिला. त्यांच्या घरच्याच कपात, हे त्याने गौतमीला दोनदा सांगितलं.

मेअखेर गौतमीची निलंग्याला बदली झाली. झाडं लगडलेली होती. सगळी भेंडी तोडून सोबत नेऊ, असं ती म्हणाली. त्याने नको म्हटलं.

सामान टेम्पोत चढत असतानाच नवं बिऱ्हाड आलं, देगलूरकडचं. त्यांच्यातली पार्वतम्मा नावाची बाई सरळ परसात भेंडीपाशी गेली.

"ही बेंडकाय कुणाची?"

मारोतीने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "माझी हाय," तो म्हणाला. "आता तुमची. एका दिसाआड तोडा, न्हाई तर जून व्हती."

टेम्पोत गौतमीने विचारलं, वाईट वाटतंय का.

"लोकाचं रान लई कसलं," तो म्हणाला. "पीक कुणाचं म्हून मला कधी कुणी इचारलं न्हाई."

टेम्पो क्वार्टरच्या मागच्या अंगाने वळला. पार्वतम्माने पदर खोचला होता आणि सामान तसंच टाकून ती भेंडी तोडत होती.