क्रॉसलीची पद्धत

फोटोत कोर्टाच्या खोलीत बरीच माणसं बसली आहेत, पण चेहरा एकाचाच स्पष्ट आला आहे. बाकीच्यांच्या कडा किंचित पुसट आहेत. कोणी मान वळवली असेल, कोणी खोकलं असेल. त्या काळच्या कॅमेऱ्याला खोलीतला उजेड पुरायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ न हलता बसला तो एकटा एल्मर क्रॉसली. त्याच्या घड्याळाच्या साखळीची कडी न् कडी दिसते.

हा फोटो माझ्या मुलीच्या ऑफिसात तिच्या खुर्चीमागे आहे. क्रॉसली शंभरेक वर्षांपूर्वी आमच्या या न्यू जर्सीतल्या गावाचा सिटी अटर्नी होता. गावाच्या वतीने कोर्टात उभा राहणारा वकील. आज त्या जागेवर ज्ञानदा आहे. ऑफिसात तिला सगळे ‘डी’ म्हणतात, कारण तिचं नाव त्यांच्या तोंडात बसत नाही.

शनिवारी ती काम करत असली की मी डबा घेऊन जाते. त्या दिवशीही गेले.

“अळूवड्या नाहीत?” तिने झाकण उघडून विचारलं.

“नाहीत.”

“इंडियन स्टोअरमध्ये मिळतं की अळू.”

“मिळतं,” मी म्हटलं.

ती जेवायला लागली. माझं अळू ज्या सामायिक बागेत व्हायचं तिला गावाने आता कुंपण घातलं आहे.

ज्ञानदाला क्रॉसली लॉ स्कूलमध्ये असतानाच सापडला. तिने त्याच्यावर लेख लिहिला, गावाच्या वर्धापनदिनाला भाषण केलं. कालव्यावरच्या मजुराचा मुलगा, दिवसा वखारीत हिशेब लिहायचा आणि संध्याकाळी एका वकिलाच्या कचेरीत बसून कायदा वाचायचा. तिशीत सिटी अटर्नी झाला आणि मरेपर्यंत राहिला. एकही मोठा खटला हरला नाही. त्याच्या नावाचा रस्ता आहे, शाळा आहे.

त्याचा सगळ्यात मोठा खटला राखेचा. नदीकाठी शिसं वितळवण्याचा कारखाना होता. त्याची राख गावाने फुकट उचलली आणि सखल वस्तीतल्या गल्ल्यांत, अंगणांत भराव म्हणून टाकली. तिथली पोरं आजारी पडू लागली, तेव्हा पोलिश आणि इटालियन बायका गावाविरुद्ध कोर्टात गेल्या. क्रॉसलीने राख चांगली की वाईट यावर कधी वादच घातला नाही. तो उठायचा, नम्रपणे पुढची तारीख मागायचा आणि बसायचा. तारखांमागून तारखा पडत गेल्या. कोणी गाव सोडलं, कोणी थकलं, कोणी मेलं. शेवटी कोर्टात उभं राहायला कोणी उरलं नाही आणि खटला निकालात निघाला.

ज्ञानदाने भाषणात याला संयम म्हटलं होतं.

त्याचं घर मी पाहिलं आहे. टेकडीवर, गावाच्या नैर्ऋत्येला. इथे वारा बहुतेक वेळा तिकडूनच येतो आणि कारखान्यावरून पलीकडे सखल वस्तीवर जातो. हे घर त्याने खटला उभा राहण्याच्या आदल्या वर्षी बांधलं. मी तिला हे एकदा सांगितलं.

“आई, दॅट्स अॅन इन्फरन्स. पुरावा नाही,” ती म्हणाली होती.

अनुमानच होतं. मी जन्मभर मातीचं रसायनशास्त्र केलं, एवढा फरक मला कळतो. पण सखल वस्तीतल्या आमच्या बागेच्या मातीचं अनुमान नव्हतं. तिथे शिसं आहे हे मी स्वतः नमुने काढून, पुन्हा काढून तपासलं होतं. शेजारच्या वाफ्यातल्या रोझाने मला विचारलं होतं, कारण तिच्या नातवाच्या रक्तात शिसं निघालं होतं. त्या वेळी मी दोघींचंही पीक उपटून टाकलं. मग रोझा आणि तिच्या गल्लीतले लोक गावाविरुद्ध कोर्टात गेले, माती उचलून न्या म्हणून. गावाची वकील माझी मुलगी.

त्यांच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं. मी म्हटलं, विचार करून सांगते. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. ज्ञानदाचं नाव न्यायाधीशपदासाठी पुढे गेलं होतं. आई विरुद्ध बाजूची साक्षीदार झाली तर तिला खटला सोडावा लागणार, आणि मग ते नाव बहुधा मागे पडणार. “तू यात पडू नकोस,” एवढंच ती एकदा म्हणाली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

या वसंतात रोझा गेली. तिचा नातू सात वर्षांचा आहे आणि त्याला अजून स्वतःचं नाव सलग लिहिता येत नाही. माती उचलली तरी ते त्याला येईल असं मला वाटत नाही. शिसं कुजत नाही, विरत नाही. वाट पाहण्यात त्याला कोणी हरवू शकत नाही.

ज्ञानदाने जेवण संपवून डबा पुसून ठेवला. तिच्या वडिलांसारखा, कागदाने, कोपऱ्यांतून.

“मंगळवारी सुनावणी आहे. मी कंटिन्युअन्स मागणार, पुढची तारीख. मे बी शेवटचा,” ती म्हणाली.

“आणि मग?”

“मग काय, दे हॅव नथिंग. लॅबचे रिपोर्ट आहेत, पण नमुने कोणी काढले, कसे काढले, हे सांगणारं कोणी नाही. जज केस काढून टाकेल.” तिने माझ्याकडे न बघता डब्याची कडी लावली. “आई, तू थकलेली दिसतेस. सोडू का घरी?”

मी खुर्चीत होते तशीच बसून होते. तिच्या खांद्यामागे क्रॉसलीही तसाच बसला होता. माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मीही हललेली नाही. आज नव्हे, वर्षभर. वकिलाने विचारायचं आणि मी नम्रपणे पुढची तारीख मागायची.

“ज्ञानदा, बस जरा.”

“व्हॉट हॅपन्ड?”

“सांगणारं आहे,” मी म्हटलं. “मंगळवारी मी साक्ष देणार आहे.”