शिवायला नव्हे, उघडं ठेवायला

मी एक दोरा बोलतोय. रिळावरचा नव्हे, काळा, रेशमी, बंद पाकिटातला, ऑपरेशनचा. कारखान्यात पीळ बसला तेव्हा वाटलं होतं, कुणाची तरी जखम शिवून नाव काढीन. नशिबी आले तिरुमलराव, म्हैसूरचे पिढीजात शिंपी.

तिथल्या गोकुलम भागात योग शिकायला येणाऱ्या परदेशी मंडळींचे पायजमे ते शिवायचे. ती मंडळी तासन्‌तास मांडी घालून बसणार, आणि शिवणाऱ्याला मशीनपुढे बूड टेकवेना. विठ्ठलाच्या देवळातलं भजनही सुटलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, पाठ धरलीय. खरं दुखणं होतं भगंदर, बुडाशी आतून वाट पाडून पू वाहणारं.

डॉक्टर नागरत्नांनी ऑपरेशन केलं. भगंदराची वाट स्नायूतून गेलेली; एकदम कापली असती तर शौचावरचा ताबा जायचा धोका. म्हणून त्यांनी मला त्या वाटेतून ओवलं आणि सैलसर गाठ मारली. पू माझ्या कडेने बाहेर यावा, म्हणून मी तोंड उघडं ठेवायचं. दोऱ्याला असलंही काम असतं, हे मला तिथंच कळलं.

तिरुमलरावांना काही ते पटेना. टाका घातला नाही, वर दोरा लोंबता सोडला, असलं काम आपल्या दुकानात खपलं नसतं, असं ते बायकोला, मालतीबाईंना, ऐकवत. कोमट पाण्याच्या टबात बसले की बोटं माझ्याशी चाळा करत. सुटा दोरा दिसला की तोडायचा, हा जन्माचा हात.

दसरा आला. कपड्यांचा ढीग साचला. दुखणंही थांबलेलं. त्यांनी मालतीबाईंना कातर आणायला लावली.

"बरा झालोय मी. हा तेवढा तोड, मला दिसत नाही."

माझा पीळच सुटायची वेळ आली. मी तुटलो तर वरचं तोंड मिटणार, आत पू कोंडणार, पुन्हा ऑपरेशन.

बाई कातर घेऊन वाकल्या आणि थांबल्या. "अहो, कोटाचा कच्चा टाका तुम्ही कधी काढता?"

"पक्की शिलाई झाल्यावर."

"आतली झालीय? बघितलीत?"

तिरुमलरावांनी मान वळवून मागे बघायचा प्रयत्न केला.

"मग सुम्ने बसा पाण्यात."

बाई कन्नडवर आल्या की पुढे वाद नसतो. ते गुपचूप बसले. दसऱ्याचे कपडे त्यांनी उभ्यानेच कापले, शिवले बाईंनी.

पुढे वाट कोरडी झाली, तेव्हा डॉक्टरांनी मला काढलं. ताबा शाबूत होता. पण पुरतं भरायला वेळ लागेल, काहींना पुन्हाही होतं, दाखवत राहा, असं त्यांनी बजावलं. तिरुमलरावांनी मला मागून घेतलं, निरखलं, म्हणाले, "पीळ चांगला आहे."

आता मी दवाखान्याच्या, जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आहे, थोड्या वेळाचा पाहुणा. दार उघडं आहे. बाहेर जवळच्या कडकोळ गावच्या कारखान्यातला कुणीतरी उभाच आहे. पाठ दुखते म्हणतोय.

"पाठ कसली," तिरुमलरावांचा आवाज आला. "मीही तेच सांगायचो सगळ्यांना. भगंदर होतं मला. एका अंगावर टेका, तसं जमतं. आणि दोरा घातला तर कातर लावू नका हां."

मग बाक करकरलं. शेजारी तिरुमलराव बसले असावेत, दोन्ही अंगांनी.

येतो मी.