कडक पेळू

सासूबाईंनी धाकटीचं मनगट धरलं आणि थोरलीच्या तळव्याखालचा पेळू दबला.

थोरली खोलीच्या दुसऱ्या टोकाला फळीपुढे बसली होती. पिंजलेला कापूस फळीवर पसरायचा, त्यावर गुळगुळीत काडी ठेवायची, तळव्याने हलकेच वळायचं आणि काडी ओढून घ्यायची, की आतून पोकळ असा वीतभर लांबीचा पेळू तयार होतो. चरख्यावर सूत निघतं ते याच पेळूतून. वळताना जोर पडला की तंतू एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि सुटायचं नाव घेत नाहीत. असा बिघडलेला पेळू थोरली एरवी उलगडून पुन्हा वळायची. आज तिने तो उचलला, जरा न्याहाळला आणि धाकटीच्या टोपलीत ठेवून दिला.

"हात सैल सोड," खिडकीपाशी सासूबाई सांगत होत्या. "तू ओढू नकोस, तो आपणहून येतो. उजव्या हाताने चाक फिरव आणि हा हात माझ्याबरोबर मागे येऊ दे."

दोघींचे हात मिळून मागे सरकले. चाक घुमलं, चातीच्या, म्हणजे चरख्याच्या टोकदार सळईच्या, टोकापासून एक धागा लांबत गेला आणि मध्येच तुटला. धाकटी हसली. सासूबाईही हसल्या, आणि हेच थोरलीला सहन झालं नाही. कारण सासूबाई हसणाऱ्यातल्या नव्हत्या. निदान थोरलीसमोर तरी नव्हत्या.

धाकटी शाळेत पाटी-दप्तर सांभाळत असेल तेव्हापासून थोरली या घरात पेळू वळत होती. इतक्या वर्षांत सासूबाईंनी तिचं मनगट एकदाही धरलं नव्हतं. नवी होती तेव्हा तिने विचारलं होतं, "आई, मी बसून बघू का चाकावर?" सासूबाई म्हणाल्या होत्या, "बघू." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे ही फळी आणून ठेवली. पहिल्याच आठवड्यात तिचे पेळू असे उतरले, की सासूबाईंनी दोन बोटांत धरून ते उजेडात पाहिले आणि काही न बोलता आपल्या टोपलीत टाकले. तिथेच सगळं बिघडलं. जे काम नीट येतं ते जन्माचं गळ्यात पडतं, एवढं तिला त्या वयात कुठून कळणार? 'बघू' मात्र तिच्या लक्षात राहिलं होतं.

आता सासूबाईंचा खांदा आखडला होता. सकाळी थोडंसं सूत काढून झालं की हात मागे जाईना. कुणाला तरी चाकावर बसवायलाच हवं होतं. हे कळलं त्या दिवसापासून थोरली हातासरशी पदर नीट करून, बोटं पुसून तयार असायची. जवळजवळ बघण्याच्या कार्यक्रमाला बसावं तशी. आणि सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली ती अशी, "धाकटे, इकडे ये बघू."

"तुमच्या आईंना दुसरं कुणी दिसलं नाही का हो?" तिने नवऱ्याला विचारलं. तो उंबऱ्यात बसून बुटांना पॉलिश करत होता.

"मग बरंच झालं की. तुझं काम वाचलं."

"वाचलं कुठे? दोघींचे पेळू मलाच करावे लागतात."

"म्हणजे तुझं महत्त्व दुप्पट झालं." त्याने बुटाच्या टोकावर फुंकर मारली. "आईने तिला जरा शेजारी काय बसवलं, तू लगेच सुतावरून स्वर्ग गाठतेस."

सूत कातणाऱ्यांच्या घरात ही म्हण वर्षातून दहा वेळा कानावर पडायची आणि दर वेळी बोलणाऱ्याला आपणच ती शोधून काढली असं वाटायचं. थोरलीने पॉलिशच्या डबीचं झाकण उचललं आणि आत नेऊन पिठाच्या डब्यामागे ठेवलं. त्याला ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

पहिला पेळू चुकून दबला होता. त्यानंतरचे चुकून नव्हते. टोपल्या दोन होत्या, सासूबाईंची मोठी आणि धाकटीची लहान, त्यामुळे घोळ व्हायची भीती नव्हती. चपटा पेळू कुणाच्याही डोळ्यांत आला असता, म्हणून थोरलीने त्यातही हात बसवला. सुरुवातीला काडीवर जोर द्यायचा, शेवटचा पदर मात्र अगदी अलगद फिरवायचा, की पेळू दिसायला गुबगुबीत आणि आतून कडक. असा पेळू करायला चांगल्या पेळूपेक्षा जास्त वेळ लागायचा, पण वेळेचं तिला काही वाटत नव्हतं.

दुपारी जेवणं झाली की धाकटी चाकावर बसायची. थोरलीला मान वर करून पाहायचीही गरज नव्हती. चाक घुमायचं, थांबायचं. थांबलं की धागा तुटला. पुन्हा घुमायचं, पुन्हा थांबायचं. दर थांबण्याला थोरलीच्या जिवाला गारवा वाटायचा. याचं तिला कधी वाईटही वाटायचं, पण मग सासूबाईंचा आवाज यायचा, "असू दे गं, जमेल," आणि वाईट वाटायचं बंद व्हायचं. असू दे! तिच्या हातून कधी भात करपला तर या घरात 'असू दे' कुणी म्हटलं नव्हतं.

विणकर सूत न्यायला आला तेव्हा त्याने धाकटीची लडी अंगठ्याखालून सरकवली आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, हे काही तुमचं नाही. गाठी बघा किती. मागावर दोन हातही टिकायचं नाही."

"नवा हात आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हाताला नवा म्हणा नाहीतर जुना, मला दोरा तुटून चालत नाही." त्याने लडी बाजूला ठेवली.

धाकटीचे कान लाल झाले. ती सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. थोरलीने त्या दिवशी विणकराला चहा दुसऱ्यांदा विचारला, आणि तोही आलं घालून.

धाकटी रडली असती, चिडली असती, निदान 'जाऊबाई, तुमचे पेळू असे कसे?' असं भांडायला आली असती, तर बरं झालं असतं. थोरलीने उत्तरंही जमवून ठेवली होती. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यातलं पहिलं. पण ती पोरगी काही बोलेल तर शपथ. दुपार झाली की लहान टोपली घेऊन बसायची, तुटलेला धागा जोडायची, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात धरून पुन्हा चाक फिरवायची. सासूबाई शेजारी बसून कधी तिची बोटं सरळ करायच्या, कधी तिचा कोपर खाली दाबायच्या. दोघींचं सूत चांगलंच जमलं होतं. चाकावर जमत नव्हतं तेवढंच.

मग कधीतरी चाकाचं थांबणं कमी व्हायला लागलं.

थोरलीने जोर वाढवला. तळव्याला अंगठ्याखाली सूज आली, काडी पेळूतून ओढून काढताना दातओठ खावे लागायला लागले. तरी चाक कमीच थांबायचं. एक दिवस तर ते घुमतच राहिलं. थोरली पेळू वळायचं सोडून कान देऊन बसली. आता थांबेल, आता थांबेल. शेवटी तिच्याच्याने राहवेना. ती उठून खिडकीजवळ गेली.

धाकटी एकटी होती. सासूबाई खाटेवर आडव्या झाल्या होत्या, त्यांचा डोळा लागला होता. धाकटीचा डावा हात खांद्याच्याही मागे जात होता आणि त्यामागे धागा, एकसारखा, बारीक, उन्हात जेमतेम दिसणारा. ती चातीकडे बघतसुद्धा नव्हती. खिडकीबाहेर दोरीवर वाळणाऱ्या चादरीकडे बघत होती. कडक पेळू तिच्या बोटांत होता आणि त्याने निमूट सूत सोडलं होतं. थोरलीला वाटलं, आपला स्वतःचा पेळूही आपल्या बाजूचा राहिला नाही. ती आली तशी परत फळीकडे गेली.

विणकर पुन्हा आला. त्याने दोन्ही लड्या हातात घेतल्या, खाली ठेवल्या, पुन्हा घेतल्या.

"खांदा बरा झाला वाटतं, मावशी?"

"कुठला बरा होतोय. डाव्या हातातली लडी धाकटीची आहे."

"डाव्या हातातली?" त्याने पुन्हा अंगठा फिरवला. "मग उजव्या हातातली कुणाची? मला तर हीच जरा जाड लागतेय."

"ती माझी," सासूबाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. धाकटीने जीभ चावली. त्या दिवशी चहा धाकटीनेच केला.

विणकर गेला, कपबशा आत गेल्या. थोरली फळीवरचा कापूस गोळा करत होती. सासूबाई खिडकीपाशी बसूनच म्हणाल्या, "थोरले, हात धुऊन ये. चाकावर बस."

थोरलीला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "मी?"

"मग काय भिंतीला सांगतेय? माझा खांदा काही सुधारत नाही. धाकटीला आता येतं. दोघी आळीपाळीने बसा."

"आणि पेळू?"

"तेही दोघींनी करा. तिला तू शिकव."

थोरली उभी राहिली. विचारायचं नाही असं तिने इतकी वर्षं ठरवलं होतं, पण तोंडातून निघूनच गेलं. "मग मला आधीच का नाही बसवलंत?"

"तुला बसवलं असतं तर मला पेळू कुणी दिले असते?" मीठ संपलंय हे सांगावं तशा सुरात सासूबाई म्हणाल्या. "चाकाला कुणीही मिळतं. तुझ्यासारखे पेळू मला माझ्या आईनेसुद्धा दिले नव्हते. तुला उठवायचा धीर झाला नाही. स्वार्थ झाला माझा."

हे एक वाक्य ऐकायला थोरलीने अर्धं आयुष्य कान टवकारले होते. ते महिन्याभरापूर्वी आलं असतं तर ती सगळ्या आळीत सांगत फिरली असती. आज तिला मान वर करवेना. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि चाकासमोर जाऊन बसली.

सासूबाई वाकल्या. खाटेखालून त्यांनी एक जुनी टोपली पुढे ओढली. तिच्यावर फडकं झाकलेलं होतं.

"आधी हे संपव."

थोरलीने फडकं काढलं. आत पेळू होते, टोपली शिगोशीग भरलेली. तिने वरचा उचलला आणि बोटांना तो लगेच ओळखू आला. दिसायला गुबगुबीत. तिने दुसरा उचलला, तळाचा एक चाचपला. सगळे तिचेच होते.

"सकाळी टोपली चाचपायची सवय आहे मला," सासूबाई म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "अगदीच दगड होते ते काढून ठेवत गेले. टाकवेनात. कापूस चांगला आहे."

थोरलीने पेळू चातीवरच्या धाग्याला लावला आणि चाक फिरवलं. धागा तुटला. तिने जोडला, तो पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा नुसता एक गठ्ठा बाहेर आला आणि चातीला लटकला. कान तापले होते. मागून धाकटीची चाहूल लागली. ती ओले हात पदराला पुसत आली आणि टोपलीत डोकावली.

"अय्या! जाऊबाई, तुम्हालाही हेच पेळू?"

थोरली चातीकडे बघत राहिली.

"मला पहिल्यापासून असेच होते." धाकटी फतकल मारून तिच्याशेजारी बसली. "आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग एकदा आईंच्या टोपलीतला हातात घेऊन बघितला, तर तो कसा मऊ! तेव्हा कळलं. शिकणाऱ्याला मुद्दाम कडक देतात ना, आई? हात तयार व्हावा म्हणून. जाऊबाई एवढ्या माझ्यासाठी वेगळे वळत बसतात म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने तक्रार करणार?"

चाक थांबलेलं होतं. थोरलीच्या मुठीत त्याचा दांडा घामाने ओला झाला. सासूबाईंनी एक शब्द बोलायचा अवकाश होता.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "असंच शिकवतात."

आणि दुखरा खांदा चोळत त्या उठून आतल्या खोलीत गेल्या.

"असा लगेच नाही लावायचा," धाकटीने थोरलीच्या बोटांतला पेळू काढून घेतला. "ही युक्ती मलाच सापडली, कुणी सांगितली नाही. आधी तळव्यावर उलटा वळायचा. वळणाऱ्याने ज्या बाजूने वळलाय ना, त्याच्या उलट. एकदाच. मग सुटतो बिचारा." तिने तो वळला, थोरलीच्या हातात परत दिला आणि तिचं मनगट धरलं. "हात सैल सोडा बघू."

थोरलीचा हात लाकूड झाला होता. तो सैल व्हायला वेळ लागला. धाकटी थांबून राहिली. मग चाक घुमलं, दोघींचे हात मागे सरकले आणि चातीच्या टोकापासून धागा निघाला, कुठे जाड, कुठे बारीक, पण खांद्यापर्यंत आला.

"आला की!" धाकटी म्हणाली. "रडताय काय, जाऊबाई? मला तर आठ दिवस एवढासुद्धा आला नव्हता."

थोरलीने धागा चातीवर गुंडाळला. नाक ओढून तिने टोपलीत हात घातला आणि पुढचा पेळू काढला. टोपलीत अजून पुष्कळ होते.