दहावा पाठ

गौरवीचं लग्न झालं त्या वर्षीच्या डिसेंबरात, एका बुधवारी सकाळी, गौरवीच्या आईने, सुविधाने, आमोण्याच्या एका सुतकाच्या घरापुढे चपला काढल्या आणि आत पाऊल टाकण्याआधी मोबाइलची बॅटरी किती उरलीय ते पाहिलं. आपण काय पाहतोय हे ध्यानात येऊन तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी पाहिलंच. सत्तर टक्के होती.

सोप्यावर गौरेश बसला होता, गेलेल्या रघुनाथचा धाकटा भाऊ. सुतकाच्या घरी कुणी ‘या’ म्हणत नाही. त्याने नुसती खुर्ची पुढे सरकवली.

रघुनाथ गावस मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जीवर खलाशी होता. मुरगावच्या बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगवर बरी जागा निघाली होती, पण तिथे मोठ्या जहाजांच्या कप्तानांशी इंग्रजीतून बोलावं लागतं. म्हणून वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी तो दर रविवारी वही घेऊन डिचोलीला सुविधाच्या घरी यायचा. त्याला तिची गरज होती तशी तिलाही त्याची होती. बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून झाल्यावर ती अनुभवी शिक्षकांसाठीचा वरचा डिप्लोमा करत होती. त्यात एकाच विद्यार्थ्याला दहा पाठ द्यायचे आणि पहिल्या, पाचव्या नि दहाव्या पाठाला त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. नऊ पाठ झाले होते. दहाव्याच्या आधी, मागच्या गुरुवारी, रघुनाथच्याच नंबरवरून फोन आला. “टीचर,” रघुनाथचाच आवाज म्हणाला, “दादा गेलो.”

ते ऐकताना ती रडली. आणि रडता रडताच तिच्या मनात त्या आवाजाचा विचार शिरला होता.

मुदत परवा, शुक्रवारी पाचपर्यंत होती. तिने मेल केला, विनवणी केली. उत्तर आलं की विद्यार्थी बदलल्यास पहिल्या पाठापासून सुरुवात करावी. संधी दोनच असतात, त्यातली एक तिने आधीच घालवली होती. शाळेत मुलं घटली होती. जूनपासून इंग्रजीचं एकच पद राहणार, आणि ते डिप्लोमा असलेल्याला मिळणार, हे मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दुसरी इंग्रजीवाली तेजस्विनी, सोळा वर्षांनी लहान, डिप्लोमा घेऊन मोकळी झाली होती. “सुविधा टीचर, तुमचं अजून चाललंच आहे?” असं ती गोड आवाजात विचारायची. सुविधाचा नवरा सात वर्षांपूर्वी गेला, आता गौरवीही सासरी गेली. शाळेची घंटा नसलेला दिवस कसा काढतात हे सुविधाला ठाऊक नव्हतं.

“गौरेश,” ती म्हणाली, “तुझा आवाज अगदी त्यांच्यासारखा आहे.”

“सगळे म्हणतत. फोनवर आवय पण फसायची.”

तिने पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि त्याच्याकडे न बघता एका दमात सगळं सांगून टाकलं. बार्ज जेटीला कशी बांधतात ते इंग्रजीत सांगायचं. त्यांना घोकायला दिलं होतं तेच देवनागरीत लिहून आणलंय. दीड मिनिटाचं काम.

गौरेशने ओठ हलवत कागद वाचला. “म्हणजे दादाची परीक्षा रवली, ती मी दिवची?”

सुविधाने मान हलवली. कशी हलवली ते तिचं तिलाच कळलं नाही.

“पास जातलो?”

“होतील.”

“मगे दिया. शाळेत दादाच्या नावार मास्तरांचो मार खाल्लंय मी. परीक्षा काय, ती पण दितंय.”

तो खाकरला आणि एसटी स्टँडवर गाडी पुकारावी तसा वाचू लागला. फर्स्ट वुई थ्रो द रोप. आतल्या खोलीत तांदूळ पाखडण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. दारात देवकी येऊन उभी राहिली. रघुनाथची बायको. कपाळ उघडं, हातात सूप तसंच. सुविधाने मांडीवरच्या मोबाइलवर पंजा ठेवला, जणू काही झाकायचं होतं.

“वयनी, दादाची परीक्षा,” गौरेश म्हणाला.

देवकीने आता ओरडावं, सूप फेकून मारावं, असं सुविधाला मनापासून वाटलं. त्याने सुटका तरी झाली असती.

“असो नाय,” देवकी म्हणाली.

“काय?”

“असे धडाधडा बोलायचे नाय ते. रोप म्हटल्यावर थांबायचे. गळो साफ करायचे. मगे हसायचे, नि परत पयल्यापासून.” ती गौरेशकडे वळली. “रोज सकाळी भाकरी भाजताना ऐकलंय मी. म्हण बघू.”

गौरेशने म्हटलं.

“घाई कित्याक? तुका खंय बस गाठूची असा?”

त्याने पुन्हा म्हटलं.

“आता हस. मोठ्यान नको, नाकातल्या नाकात.”

चौथ्या वेळी सुविधाने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिचे डोळे आपोआप मिटले. डिचोलीचं घर, रविवारची सकाळ, टेबलापलीकडे वहीवर कोपर टेकून बसलेला रघुनाथ. डोळे उघडले तेव्हा देवकीने सूप भिंतीला लावून ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली होती. रेकॉर्डिंग संपलं. गौरेश कपाळाचा घाम पुसू लागला.

“आता पास होतले मगो?” देवकीने विचारलं. “सर्टिफिकेट इला की फ्रेम करून घेतंय. तेंच्या नावाचो कागद म्हणजे ह्या घरात फकत एक रेशनकार्ड.”

सुविधाने मोबाइल पिशवीत टाकला, पण उठवेना.

“देवकीवहिनी, परीक्षा त्यांची नाही. माझी आहे. सर्टिफिकेट माझ्या नावावर येणार.”

गौरेश कागदाची घडी घालू लागला. आधीच्याच घड्यांवर, सावकाश. देवकी सुविधाकडे वळली.

“तेंका माहीत होता?”

“हो. पहिल्याच रविवारी सांगितलं होतं.”

“बघ!” देवकी गौरेशला जवळजवळ रागावून म्हणाली. “मी विचारायचंय, परीक्षा कधी तुमची? तर म्हणायचे, टीचर पास होवक होयी. माका वाटला, इंग्रजी शिकान ह्यांचा डोक्या फिरला.” ती हसली, आणि ते हसू मध्येच मोडलं. पदराने नाक पुसून तिने सूप उचललं. “न्या टीचर. तेंच्या मनात होता ता.”

सुतकाच्या घरून ‘येते’ म्हणून निघत नाहीत. सुविधाने चपला घातल्या आणि ती बसथांब्याकडे चालू लागली.

शुक्रवारी चार वाजता ती शाळेच्या संगणकाच्या खोलीत एकटी बसली होती. तेजस्विनी दारातून डोकावली.

“झालं का टीचर? तासच राहिला.”

“होतंय.”

ती गेल्यावर सुविधाने कानाला हेडफोन लावले. पहिल्या पाठाचं रेकॉर्डिंग ऐकलं, मग पाचव्याचं, मग बुधवारचं. तो थांबत होता, गळा साफ करत होता, नाकातल्या नाकात हसत होता. जगातल्या कुठल्याही परीक्षकाला एवढंच दिसलं असतं की हा माणूस शिकला. तिने फाइल चढवली. खाली चौकट उघडली: बोलणाऱ्याचं नाव, पाठाची तारीख, शिक्षकाचा अभिप्राय.

रघुनाथचं नाव तिने लिहिलं. तारखेपाशी बोटं थांबली.

बाहेर शाळा सुटली, पोरं आरडाओरड करत गेली, शिपायाने वर्गांना कड्या घातल्या. साडेचार झाले, पावणेपाच झाले. पाचला दहा मिनिटं असताना तिने चढवलेली फाइल काढून टाकली. आवाजाची जागा रिकामी राहिली. अभिप्रायाच्या चौकटीत तिने इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली, रघुनाथला एका दमात वाचता आली असती इतकी सोपी, आणि पुन्हा न वाचता पाठवून दिली.

दहावा पाठ झाला नाही. माझे विद्यार्थी रघुनाथ गावस, वय शेचाळीस, राहणार आमोणे, गुरुवार, अठ्ठावीस नोव्हेंबर दोन हजार चोवीस रोजी सकाळी साडेसहा वाजता वारले.