गवती चहा मुरेपर्यंत

ताईचं सकाळचं मौन असे. उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हा आई गेल्यापासूनचा नेम. घराला त्याची सवय झाली होती. दूध जास्त घ्यायचं का, दुकानाची किल्ली खिळ्याला आहे का, सगळ्याची उत्तरं ताई ओट्यावर चमचा वाजवून द्यायची. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. धाकटी बहीण चेष्टा करायची, "देवाला मन आणि मला भांडी. वाटणी बरी केलीस, ताई."

त्या सकाळी धाकटी स्वयंपाकघरात आली ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून. आवाज फुटक्या पिपाणीसारखा. ताईनं लगेच पातेल्यात पाणी चढवलं, गॅलरीतल्या कुंडीतली गवती चहाची पाती कापली, पुदिन्याचे कोवळे शेंडे खुडले.

"आज त्यांना सांगायचंय," धाकटी स्टुलावर बसत म्हणाली.

ते म्हणजे तिच्या शिवणाच्या दुकानाशेजारचे चष्मेवाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, शांत माणूस. त्यांनी लग्नाचं विचारलं होतं. हो असेल तर ते आपलं दुकान इथंच चालवणार, नाही असेल तर आजच जागेच्या मालकाला चावी देऊन आपल्या भावाच्या शहरात जाणार.

"तुझ्या मनात नसेल तर मी नाही करणार. केस पांढरे झाल्यावर नवरी व्हायचं, तेही तुला एकटीला टाकून... हसू नकोस गं. सांग ना, हो म्हणू?"

चमचा ताईच्या हातातच होता. हो म्हणायचं तिनं मनात कधीच ठरवलं होतं. पण दूधवाल्याला जो ठोका, तोच बहिणीच्या लग्नाला? हे तोंडानं बोलायचं, पाठीवरून हात फिरवून. तिनं चमचा खाली ठेवला, हातानं थांब अशी खूण केली आणि आलं ठेचायला घेतलं.

"त्या आल्यानं तुझं काय घोडं मारलंय?" धाकटी हसली. मग ओट्यावर पडलेल्या चमच्याकडे बघत राहिली.

आलं नीट उकळलं, तेव्हा ताईनं गॅस बंद केला. गवती चहाच्या पात्यांची गाठ मारून पाण्यात सोडली, वर पुदिना घातला. पुदिना उकळला की कडवटतो, म्हणून तो नेहमी शेवटी. झाकण ठेवून तिनं झाकणाकडे बोट दाखवलं आणि आतल्या खोलीत आसनावर जाऊन बसली. चहा मुरेपर्यंत जप होईल. मग गाळायचा, कोमट झाला की मध घालायचा, पेला तिच्या हातात द्यायचा आणि सांगायचं.

माळ संपत आली असताना बाहेरून धाकटीचा बसका आवाज ऐकू आला. ती फोनवर होती.

"नाही, विचार करून झाला... नाही, ताईचा काही संबंध नाही. माझ्याच मनात कधी नव्हतं. तुम्ही थांबू नका."

ताईचा अंगठा मण्यावर थांबला. उठावं असं वाटलं. पण थोडेच मणी उरले होते. एवढे पुरे करू, मग परत लाव म्हणू. फोन काय, पुन्हा लागतो.

ती बाहेर आली तेव्हा धाकटीनं स्वतःच चहा गाळून घेतला होता.

"अगं, मला हो म्हणायचं होतं," ताई म्हणाली. त्या दिवसाचे ते तिचे पहिले शब्द. "परत लाव फोन."

धाकटीनं मान हलवली. "कोणत्या तोंडानं लावू? त्यांनी वाट बघू नये म्हणून मनात कधीच नव्हतं असं सांगून बसले. 'बरं' म्हणाले आणि ठेवला." ती जपून घोट घेत होती, गिळताना दुखत होतं. "भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी चमचा वाजवतेस तू. आज वाजला नाही. मला वाटलं, नाही म्हणायला जीव होत नाहीये तुला."

"मौन होतं गं. आणि एवढी मोठी गोष्ट चमच्यानं..."

"बोलली असतीस तर देव रागावला असता?"

"नाही," ताई म्हणाली. तिला तेवढं ठाऊक होतं.

धाकटीनं पेला धुऊन पालथा घातला, किल्ली घेतली आणि दुकान उघडायला गेली. दुपारी शेजारचं शटर बंद होतं.

दुसऱ्या दिवशी ताईनं उठल्याबरोबर, आसनाकडे न जाता, धाकटीच्या पलंगापाशी जाऊन विचारलं, "घसा कसा आहे?"

धाकटीनं डोळे उघडले. बहिणीच्या हातात माळ नव्हती, हे तिनं पाहिलं. तिनं ताईचा हात हातात घेतला, थोपटला आणि हळूच म्हणाली, "जा, जप करून घे. मला काही विचारायचं नाहीये आता."